चिमणराव : पुस्तकातले, छोट्या पडद्यावरचे आणि मोठ्या पडद्यावरचे

— बी. ए. द्वितीय वर्ष (मराठी वाङ्मय)

विनोदी वाङ्मय वाचायला सोपे आणि अभ्यासायला अवघड असते. शोकांतिकेवर उत्तर लिहिताना आपल्याजवळ शब्दांची तयार शिदोरी असते. नियती, संघर्ष, नायकाच्या स्वभावातील दोष असे चार मुद्दे मांडले की उत्तरपत्रिकेचे पान भरते. विनोदाबद्दल लिहावयाचे झाले की मात्र ‘लेखकाची शैली खुसखुशीत आहे’ या वाक्यापाशी आपली लेखणी अडते. हसू का आले हे सांगता येत नाही आणि सांगू लागले की ते हसूच निघून जाते.

यावर एक उपाय मला सुचतो. कापड कसे शिवले आहे हे पाहायचे तर शिवण थोडी उसवावी लागते. एकच विनोद जेव्हा एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जातो, तेव्हा ही शिवण आपोआप उसवते. काय बरोबर आले, काय मागे राहिले, हे ताडून पाहता येते. मराठीत असे उदाहरण शोधू गेल्यास पहिले नाव चिमणरावांचेच निघते. पुस्तक, कृष्णधवल बोलपट, दूरदर्शनची मालिका आणि त्या मालिकेनंतरचा चित्रपट, असा चौपदरी प्रवास मराठीतल्या फार थोड्या विनोदी पात्रांनी केला असेल. प्रस्तुत लेखात या प्रवासातील शेवटच्या टप्प्याचा, म्हणजे मालिकेकडून चित्रपटाकडे झालेल्या वाटचालीचा विचार करावयाचा आहे. परंतु त्यासाठी थोडे मागून यावे लागेल.

चिमणरावांचे कूळ

मराठी विनोदाचा वंशवृक्ष मांडताना त्याचे मूळ आपल्या विदर्भात निघते, ही गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) हे जन्माने नागपूरचे आणि वकिलीच्या व्यवसायाने बुलढाणा जिल्ह्यातले. ‘सुदाम्याचे पोहे’ मधील सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाने मराठी विनोदी लेखाला पहिल्यांदा ओळखीची माणसे मिळवून दिली. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी ‘बाळकराम’ या नावाने ती परंपरा पुढे नेली. या दोघांचा विनोद बुद्धीचा आणि भाषेचा. कोटी, अतिशयोक्ती आणि समाजातील रूढींवर टीका ही त्याची साधने.

चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) यांनी हा विनोद घरात आणला. त्यांचे चिमणराव कोणत्याही रूढीवर हल्ला करीत नाहीत. ते त्या रूढींखाली चिरडून कसेबसे दिवस काढतात. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’, ‘चिमणरावाचे चऱ्हाट’, ‘आणखी चिमणराव’ अशा पुस्तकांतून हा पुण्याचा भित्रा, सालस, अंगाने किरकोळ कारकून वाचकांच्या परिचयाचा झाला. त्याच्या जोडीला नात्याने भाऊ लागणारा, धिप्पाड, हातात सोटा असणारा गुंड्याभाऊ. घरात पत्नी काऊ, मुले राघू, मैना आणि मोरू. चिमणी, कावळा, राघू, मैना, मोर! नावांतच लेखकाने एक घरटे बांधून ठेवले आहे. लहानशा जागेत अनेक चोचींचा कलकलाट हे त्या घराचे चित्र नाव वाचताच डोळ्यांपुढे उभे राहते.

चि. वि. जोशी हे बडोद्यास पालीचे प्राध्यापक होते आणि पुढे बडोदे संस्थानच्या दप्तराचे काम त्यांनी पाहिले, ही गोष्ट आपल्या भागातील विद्यार्थ्यांना विशेष वाटावी. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्या जिल्ह्यातील पाली शिकणाऱ्या मुलांना ‘मॅन्युअल ऑफ पाली’ लिहिणारे जोशी आणि चिमणराव लिहिणारे जोशी हे एकच गृहस्थ, हे सांगितले तर चटकन खरे वाटत नाही. पण मला यात विसंगती दिसत नाही. माणसाच्या मूर्खपणावर न चिडता त्याकडे करुणेने पाहणे हे दोन्हीकडे सारखेच आहे. चिमणरावांना हसताना आपण त्यांचा तिरस्कार कधीच करीत नाही, याचे कारण कदाचित लेखकाच्या या दुसऱ्या अभ्यासात असेल.

पुस्तकातला विनोद कशात आहे?

चिमणरावांच्या कथांचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे त्या चिमणराव स्वतः सांगतात. ‘मी’ सांगतो आणि वाचक ऐकतो. परंतु हा ‘मी’ जे सांगतो त्याहून जास्त वाचकाला कळते. चिमणराव आपल्या भित्रेपणाला सावधगिरी म्हणतात, फजितीला योगायोग म्हणतात, आणि घरच्यांनी केलेल्या थट्टेला प्रेम समजतात. सांगणाऱ्याचे शब्द एक आणि त्यामागची वस्तुस्थिती दुसरी, या दोहोंमधील फटीत हसू दडलेले आहे. आपण विद्यार्थी परीक्षेत ‘प्रसंगनिष्ठ विनोद’ असे लिहून मोकळे होतो; पण खरे पाहता तो प्रसंगापेक्षा निवेदनावर जास्त उभा आहे. तोच प्रसंग तिसऱ्या माणसाने सांगितला तर निम्मे हसू गळून पडेल.

आता प्रश्न असा येतो की, कॅमेऱ्याला ‘मी’ म्हणता येत नाही. तो चिमणरावांच्या डोळ्यांतून पाहत नाही, चिमणरावांकडे पाहतो. मग पडद्यावर ही फट उभी कशी करावयाची? चिमणरावांना पडद्यावर आणणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले.

पहिले उत्तर मास्टर विनायक यांनी दिले. त्यांनी दिग्दर्शित केलेले ‘लग्न पहावे करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) हे बोलपट चि. विं.च्या या जोडीवर आधारलेले होते. दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दामुअण्णांचा चेहराच असा होता की तो पडद्यावर येताच प्रेक्षक हसत. निवेदनाची जागा चेहऱ्याने घेतली. किरकोळ आणि धिप्पाड अशी जोडी शेजारी उभी करणे ही बोलपटाच्या फार सोयीची गोष्ट. परदेशात लॉरेल आणि हार्डी या जोडीने तेच केले होते. मराठीत तर दोन विजोड मित्र रस्त्याने जाताना दिसले की ‘चिमणराव-गुंड्याभाऊ चालले’ असे म्हणण्याची पद्धतच पडून गेली.

छोट्या पडद्यावरील चिमणराव

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या वर्षी त्याचे कार्यक्रम पुण्यास दिसू लागले. त्या काळात मालिका हा प्रकार आपल्याकडे रुळलेला नव्हता. हिंदीतील ‘हम लोग’ १९८४ साली आली, आणि ‘चिमणराव’ ही मालिका १९७७ च्या सुमारास. यावरून मराठी दूरदर्शनने किती आधी हे धाडस केले ते ध्यानात येते. याकूब सईद आणि विजया जोगळेकर (धुमाळे) यांनी ती उभी केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चि. वि. जोशी तेव्हा हयात नव्हते.

ही मालिका इतकी का रुजली? अभिनय उत्तम होता, हे तर खरेच. परंतु माध्यमाचाही त्यात वाटा आहे, असे मला वाटते. त्याची तीन कारणे देता येतील.

पहिले, छोटा पडदा म्हणजे लहान जागा. स्टुडिओत उभारलेल्या एकदोन खोल्या, दाराची चौकट, एक खुर्ची. भव्य दृश्य त्यात मावत नाही. चिमणरावांचे जग तेवढेच आहे! घरटे छोट्या पडद्यात नेमके बसले.

दुसरे, पडदा लहान असल्याने चेहरा जवळ येतो. चिमणराव तोंडाने ‘मी घाबरलो नाही’ म्हणतात आणि त्याच वेळी डोळे काही वेगळेच सांगतात. पुस्तकात शब्द आणि वस्तुस्थिती यांमध्ये जी फट होती, ती येथे शब्द आणि चेहरा यांमध्ये आली. प्रभावळकरांचा अभिनय हा या अर्थाने चि. विं.च्या निवेदनाचे भाषांतर आहे. प्रसंग कोणालाही उचलता येतो, पण निवेदन उचलायला नट लागतो. याच नटाने पुढे ‘हसवा फसवी’ नाटकात सहा वेगवेगळी माणसे उभी केली आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) मध्ये महात्मा गांधी साकारले, हे लक्षात घेतले म्हणजे सुरुवातीच्या या कामाचे मोल कळते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सवय. मालिका पुन्हा पुन्हा येते. तीन-चार भागांनंतर चिमणराव घाबरणार हे आपल्याला आधीच माहीत असते आणि गुंड्याभाऊ सोटा उचलणार हेही. मग हसू प्रसंग घडल्यावर येत नाही. प्रसंग घडण्याआधीच ओठांवर येऊन बसते. आपल्या घरातल्या आजोबांची तीच ती गोष्ट आपण ज्या मायेने ऐकतो, तसे हे हसू आहे. त्यात नवलापेक्षा ओळख जास्त.

मालिका संपून चित्रपट येतो तेव्हा

१९७९ साली ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक विनय धुमाळे. प्रमुख भूमिकांत तीच जोडी, प्रभावळकर आणि कर्वे. मालिकेचे नाव केवळ ‘चिमणराव’ होते. चित्रपटाने शीर्षकातच गुंड्याभाऊंना शेजारी उभे केले. हा बदल मला बोलका वाटतो. मालिकेला ओळख करून देण्यासाठी कितीतरी आठवडे मिळतात. चित्रपटाला भिंतीवरच्या जाहिरातीतच सांगावे लागते की येथे दोन विजोड माणसे भेटतील आणि मजा होईल.

यशस्वी विनोदी मालिकेचा चित्रपट करणे ही जगभर चालत आलेली गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये ‘डॅड्स आर्मी’ ही मालिका १९६८ ते १९७७ पर्यंत चालली. ती चालू असतानाच १९७१ मध्ये त्याच नटांचा चित्रपट निघाला आणि पुढे २०१६ मध्ये नवे नट घेऊन दुसरा. आपल्याकडे हिंदीत ‘खिचडी’चा चित्रपट २०१० मध्ये आणि ‘ऑफिस ऑफिस’ वरून ‘चला मुसद्दी... ऑफिस ऑफिस’ हा चित्रपट २०११ मध्ये आला. या सर्वांपुढे काही अडचणी सारख्याच उभ्या राहतात.

एक अडचण लांबीची. अर्ध्या तासात एक फजिती पुरते. दोन-अडीच तासांस एका फजितीने भागत नाही, आणि पाच फजित्या एकापुढे एक ठेवल्या तर ती माळ होते, कथा होत नाही. कथेसाठी काहीतरी मोठे पणाला लागावे लागते. नायकाला बदलावे लागते. पण विनोदी पात्राचा प्राणच न बदलण्यात आहे. शेवटी धीट झालेले चिमणराव हे चिमणराव राहतील काय? आणि भित्रेच राहिले तर एवढा वेळ बसून आपण काय पाहिले, असे प्रेक्षक विचारील. ही कात्री आहे, आणि विनोदी मालिकेवरून चित्रपट करणाऱ्या प्रत्येकाला तिच्यातून जावे लागते.

दुसरी अडचण जागेची. मोठ्या पडद्याला रस्ते, गर्दी, धावपळ हवी असते. घरटे सोडून पाखरांना बाहेर पडावे लागते. बाहेर गुंड्याभाऊंचे फावते, कारण सोट्याला मोकळी जागा लागते. चिमणरावांचे मात्र अवघड होते. त्यांचा विनोद खुर्चीवर बसून पापणी हलविण्याचा आहे.

तिसरी गोष्ट अडचण नसून लाभ आहे. चित्रपटगृहात हसू एकट्याचे नसते. शेजारचा हसला की आपण हसतो. कोणाला काय कळले नाही हे त्या अंधारात कोणी विचारीत नाही.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा आपल्या भागाच्या दृष्टीने मांडला पाहिजे. ‘चिमणराव’ मालिका मुंबई-पुण्याच्या घरांत गाजत होती, तेव्हा ती त्या केंद्राच्या टप्प्यापलीकडे दिसत नव्हती. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांना दूरदर्शन दाखविण्याचा प्रयोग झाला, त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे वरोऱ्याच्या आमच्या वडिलांच्या पिढीला जी मालिका ‘जुनी आठवण’ म्हणून सांगितली जाते, ती आठवण मुळात त्यांची नाहीच. चित्रपटाची पेटी मात्र रेल्वेने, एस. टी. ने कोठेही जाऊ शकत होती. पुण्यातल्या टीकाकाराने ‘मालिकेची सर चित्रपटाला नाही’ असे म्हटले, तर ते त्याच्या जागी बरोबर असेल. परंतु ज्याने मालिका पाहिलीच नाही त्याच्यासाठी चित्रपट ही नक्कल नव्हे. तीच त्याची पहिली भेट आहे. मूळ कोणते आणि नक्कल कोणती, हे पाहणारा कोठे राहतो यावरही अवलंबून असते, हे आपण समीक्षा करताना ध्यानात घेतले पाहिजे.

चिमणराव आपले कोण?

आता थोडा अवघड प्रश्न. चिमणराव पुण्याचे पांढरपेशे कारकून. ज्या घरात अजून कोणी कारकूनही झालेला नाही, त्या घरातल्या मुलीने त्यांना का हसावे? आमच्या घरी कॉलेजात जाणारी मी पहिली. मालिकेचे जे थोडे तुकडे आज मोबाईलवर पाहायला मिळतात, त्यांतला एक मी कापसाच्या वेचणीवरून परतलेल्या आईला दाखविला. ती गुंड्याभाऊंना पाहून हसली. चिमणरावांकडे मात्र बराच वेळ नुसती पाहत राहिली आणि म्हणाली, “हा एवढा कायले भेते बापा? याले तर पगार असन ना!”

तिचा हा प्रश्न मला कोणत्याही समीक्षेपेक्षा मोलाचा वाटतो. चिमणरावांना पगार आहे, घर आहे, तरी ते भितात. त्यांना भीती आहे ती चारचौघांत मान जाण्याची. आमच्या वस्तीतल्या माणसाची भीती निराळी आहे. कचेरीत अर्ज कोणत्या खिडकीत द्यावा, साहेबांपुढे शब्द चुकला तर काय होईल, ‘मले’ म्हटले म्हणून कोणी हसेल काय, ही ती भीती. दोन्ही भीती एक नव्हेत. परंतु भ्यालेला माणूस भीती लपविण्यासाठी जी धडपड करतो ती सगळीकडे सारखीच असते, आणि चि. विं.चा विनोद त्या धडपडीवर उभा आहे. म्हणून चिमणराव माझ्या घरचे नसले तरी परके नाहीत. तुकडा संपला तेव्हा आई म्हणाली, “लाव अजून एक.”

मात्र एक रुखरुख राहते. आपल्या बोलीतला भित्रा माणूस, आपल्या बोलीतला सोटेवाला मोठ्या पडद्यावर फारसा गेलेला नाही. तो आपल्याकडे नाही असे मुळीच नव्हे. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या हसवीत आलेला आहे. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांच्या निमित्ताने झाडीपट्टीतील नाटके सुरू होतात. वडसा (देसाईगंज) हे त्यांचे केंद्र. धानाच्या शेतालगत मांडव पडतो आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. नाटक कितीही रडके असो, विनोदी नट आल्याशिवाय प्रेक्षक समाधानाने घरी जात नाही. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ साली ‘पद्मश्री’ मिळाली ती याच रंगभूमीवरील कामासाठी, आणि विनोदी भूमिकांनीच त्यांना घराघरांत पोचविले. तोच नट दर हंगामात नव्या नाटकात येतो आणि प्रेक्षक त्याला पाहताच आधीच हसू लागतात. मालिकेतील ‘सवयीचे हसू’ म्हणून मी वर जे म्हटले, ते झाडीपट्टीला दूरदर्शनच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

समारोप

‘चिमणराव’ मालिकेचे फार थोडे भाग आज उपलब्ध आहेत. त्या काळी ध्वनिचित्रफिती महाग असत आणि एकाच फितीवर पुन्हा नवे मुद्रण करण्याची पद्धत होती. हजारो घरांनी जे पाहिले ते असे हवेत विरून गेले. गुंड्याभाऊ साकारणारे बाळ कर्वे यांचेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये निधन झाले. तरीही चिमणराव टिकून आहेत, कारण त्यांच्या पाठीशी पुस्तक आहे. मालिका पुसली गेली तरी पुस्तकावरून ती पुन्हा करता येते. कोणी मनावर घेतले तर नव्या नटांना घेऊन नवा चित्रपटही करता येईल. लिहिलेल्या गोष्टीचाच पुनर्जन्म होऊ शकतो.

झाडीपट्टीतल्या विनोदी नटाजवळ हे संरक्षण नाही. नाटकाची संहिता लिहिलेली असते, छापलीही जाते. पण त्याने त्या रात्री, त्या गावचा संदर्भ घेऊन, आपल्या बोलीत जी भर घातली ती सकाळी मांडवाबरोबर उकलली जाते. हसू पिकवणारे नेमके तेच असते. मराठी विभागाच्या आम्हां विद्यार्थ्यांना दरवर्षी काहीतरी ‘प्रकल्प’ करावाच लागतो. पुस्तकांतून उतरून काढलेल्या प्रकल्पाऐवजी येत्या हंगामात चारपाच जणांनी एकेका गावी जाऊन, नटांची परवानगी घेऊन, ही विनोदी पदरची भर शब्दशः टिपून आणली तर? ‘कायले’ला ‘कशाला’ असे शुद्ध न करता, जशी ऐकली तशी. प्राध्यापकांनी यास गुण द्यावेत, अशी नम्र विनंती आहे.

चि. वि. जोशी यांनी एका साध्या कारकुनाचे घर कागदावर उतरवून ठेवले, म्हणून चाळीस वर्षांनी त्यावर मालिका झाली आणि मालिकेवरून चित्रपट. आपण आपल्या घरचे हसू कागदावर उतरवून ठेवले, तर पुढे चाळीस वर्षांनी त्याचे काय करावयाचे ते त्या वेळची मुले ठरवितील. ठेवलेच नाही, तर त्यांच्यापुढे ठरवायला काहीच असणार नाही.